अंबरखान्यातील धान्य

पन्हाळगडावर गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची तीन प्रचंड कोठारे आहेत. त्यांना अंबरखाना म्हणतात. त्यांतील गंगा कोठी सुमारे ३५ फूट उंच आहे. तिचे सोळा खण असून प्रत्येक खणाच्या चपट्या घुमटाला एक भोक आहे. जिन्याने वर चढावे आणि त्या भोकांतून धान्य आत ओतावे, अशी ही योजना. कोठीत २५,००० खंडी धान्य मावे, असे सांगतात. १६६० साली सिद्दी जौहराने या गडाला सुमारे चार महिने वेढा घातला होता. अशा प्रसंगी गड लढतो तो तटावर; पण टिकतो तो कोठारावर.

धान्य ओतता येते, म्हणून ते पाण्यासारखे वागते असे मात्र नव्हे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. धान्यात दाण्यावर दाणा रेलतो, दाण्यांच्या कमानी बनतात, आणि भाराचा मोठा वाटा घर्षणामुळे भिंती उचलतात. उंच, अरुंद कोठारात ठरावीक खोलीनंतर तळावरील दाब जवळजवळ वाढत नाही. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ साली हे मोजून सूत्रबद्ध केले. त्याच्याही आधी, १७७३ साली, कूलाँ या फ्रेंच दुर्ग-अभियंत्याने मातीचा भिंतीवरील रेटा घर्षणाच्या आधारे मांडला होता. या शास्त्राचा उगमही, पाहा, किल्ल्यांच्याच बांधकामात आहे!

परंतु साठवलेले धान्य वेगळे आणि वाहते धान्य वेगळे. तळाचे दार उघडताच कमानी मोडतात, नव्या बनतात, आणि भिंतींवरील रेटा एकाएकी वाढतो. भरताना शाबूत राहिलेली कोठारे रिकामी होताना फुटली आहेत, ती याच कारणाने. १९६१ साली बेव्हर्लू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, भोकातून पडणाऱ्या धान्याचा वेग वरच्या राशीच्या उंचीवर अवलंबून नसतो. तो भोकाच्या रुंदीवर ठरतो. भोक दुप्पट रुंद केले, तर प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो.

पुढे २००६ साली जोप, फोर्तेर आणि पुलिकेन या फ्रेंच संशोधकांनी दाट कणप्रवाहासाठी एक व्यापक नियम मांडला. कणांचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात आणि त्यांवर दाब किती आहे, यांच्या तुलनेवर त्यांचे घर्षण ठरते, हा त्याचा गाभा. तथापि प्रवाह अगदी मंदावून थिजू लागला, की हा नियमही अपुरा पडतो.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. ते पेव नेमके कसे फुटते, हे कोडे मात्र अजून पुरते सुटलेले नाही.