देवघेव : मराठी सार्वजनिक ग्रंथालये आणि वर्गणीदार वाचक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात लेखक आहे, ग्रंथ आहे, नियतकालिक आहे; मुद्रक आणि प्रकाशक यांचाही शिरकाव त्यात झाला आहे. ग्रंथालय मात्र प्रस्तावनेतील ऋणनिर्देशापुरतेच येते. ज्या संस्थेच्या कपाटांतून इतिहासकाराने आपली साधने मिळवली, ती संस्था त्याच्या इतिहासाचा विषय क्वचितच होते. ह्याचा परिणाम वाचकाविषयीच्या विधानांवर झालेला दिसतो. 'मध्यमवर्गीय वाचक', 'रंजनप्रिय वाचक', 'अभिरुचिसंपन्न वाचक' ह्या कोटी बहुधा साहित्यकृतींवरूनच अनुमानिल्या जातात. वाचकाच्या हाती पुस्तक कोणत्या वाटेने, कोणत्या अटींवर आणि किती दिवसांसाठी आले, हा प्रश्न विचारला जात नाही. प्रत्यक्षात मराठी ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी मोठा वर्ग दीड शतकाहून अधिक काळ एका विशिष्ट संस्थात्मक नात्याने ग्रंथाशी बांधलेला होता. तो ग्रंथाचा मालक नव्हता. तो वर्गणीदार होता.

ह्या नात्याचा आरंभ इंग्रजी अमलाच्या पहिल्याच पिढीत झाला. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), कोल्हापूर (१८५०) अशी ह्या संस्थांची स्थापनावर्षे सांगितली जातात. त्यांपैकी अनेक 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' ह्या नावाने ओळखल्या जात, आणि ते नाव काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. 'जनरल' ह्या शब्दाने संस्था सर्वांसाठी असल्याचे सांगितले. 'नेटिव्ह' ह्या शब्दाने ते 'सर्व' कोण ह्याची एक मर्यादा घातली. दुसरी मर्यादा नावात नव्हती, नियमांत होती : वर्गणी. कचेरीतील कारकून, शिक्षक, वकील, सरदार-इनामदार ह्यांना ती परवडत होती. पुढे ह्याच संस्था 'नगर वाचनालय', 'नगर वाचन मंदिर', 'सार्वजनिक वाचनालय' अशा नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. 'नेटिव्ह' गेले, 'सार्वजनिक' आले; वर्गणी राहिली.

पुण्याचे १८४८ हे साल ह्या संदर्भात विशेष बोलके आहे. लोकहितवादींसारख्या सुधारकाच्या पुढाकाराने शहरात ग्रंथालय उभे राहिले ते ह्याच वर्षी. त्यांची 'शतपत्रे' 'प्रभाकर'मधून येऊ लागली तीही ह्याच वर्षी. आणि जोतीराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली तीसुद्धा ह्याच वर्षी. एकाच शहरात, एकाच वर्षी, ज्ञान 'सर्वांचे' कसे करावे ह्याच्या दोन कल्पना प्रत्यक्षात उतरत होत्या. पहिली साक्षरतेला गृहीत धरून पुढे जात होती. दुसरी त्या गृहीतकालाच हात घालत होती. मराठी ग्रंथालयाची परंपरा पहिल्या कल्पनेतून वाढली. सुधारकांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे ह्यात कारण नाही. परंतु संस्थेची घडण हेतूंपेक्षा नियमांनी ठरते, आणि नियम वर्गणीदारांनी वर्गणीदारांसाठी केलेले होते.

आरंभीच्या ह्या संस्थांत वाचण्याजोगे मराठी ग्रंथ तरी किती होते? पाठ्यपुस्तके, भाषांतरे, पोथ्या आणि पुराणे वजा जाता जे उरते ते थोडेच. 'यमुनापर्यटन' १८५७चे, 'मुक्तामाला' १८६१ची. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला येण्यापूर्वीच तिच्या वाचकाला सामावून घेऊ शकणारी संस्था अस्तित्वात आली होती. प्रारंभी ह्या ठिकाणी लोक जमत ते मुख्यतः वृत्तपत्रांसाठी. 'वाचनालय' हा शब्द ह्या व्यवहाराला नेमका शोभतो : ते वाचण्याचे, बसण्याचे, बातमीवर बोलण्याचे ठिकाण होते. ग्रंथ जमवणे हे त्याचे प्रधान कार्य नव्हते.

ते कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले, आणि त्याबरोबर शब्दही बदलला. १८९३मध्ये ठाण्यास आणि १८९८मध्ये मुंबईस 'मराठी ग्रंथसंग्रहालय' स्थापन झाले. ह्या नावातील दोन्ही पदे नवी आहेत. 'नेटिव्ह'च्या जागी 'मराठी' आले, म्हणजे संस्थेची ओळख राज्यकर्त्याच्या नजरेतून न होता भाषेवरून होऊ लागली. आणि 'वाचन'च्या जागी 'संग्रह' आला. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक, ते चांगले असो की टाकाऊ, एका छपराखाली असावे, ही आकांक्षा ह्या नावामागे आहे. ठाण्याच्या संस्थेचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे हेच 'महाराष्ट्र सारस्वत'चे कर्ते, ही गोष्ट योगायोगाची मानता येणार नाही. ग्रंथ जमवणे आणि वाङ्मयाचा इतिहास लिहिणे ही एकाच सांस्कृतिक गरजेची दोन रूपे होती : आपल्या भाषेला वाङ्मय आहे, ते दीर्घ आहे, मोजता येण्याइतके मूर्त आहे, हे सिद्ध करण्याची ती गरज. शंकर गणेश दाते ह्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे दोन खंड (१९४३, १९६१) ही ह्याच आकांक्षेची परिणती. १८०० ते १९५० ह्या कालखंडातील मराठी ग्रंथांचा पट त्यांनी मांडला. त्या सूचीत जे आले ते मराठी वाङ्मय, अशी अभ्यासकांची पुढे जणू समजूत झाली, आणि सूचीच्या पाठीशी असलेल्या कपाटांचा विसर पडला. ज्या पुस्तकांना कोणत्याच संग्रहाने ठेवून घेतले नाही, ती इतिहासाबाहेर गेली. दोलामुद्रितांविषयी अभ्यासक हळहळतात. पण जत्रेत विकली जाणारी चोपडी, जलशांची पुस्तिका, जातिसभेचे पत्रक ह्यांची गळती त्याहून मोठी असण्याचा संभव आहे.

वर्गणीवाचून ग्रंथालय असू शकत नाही का? मराठी भाषकांच्या निकट परिचयातच ह्या प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले गेले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१०मध्ये विल्यम अॅलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण केले आणि राजधानीतील मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत एक सलग व्यवस्था उभारली. गावाने ठराविक रक्कम जमवावी आणि तितकीच भर संस्थानाने व स्थानिक मंडळाने घालावी, असे तिचे आर्थिक सूत्र होते. जेथे ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तके जात. येथे ग्रंथालय हे शिक्षणखात्याच्या कामाचा विस्तार होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणातून साक्षर झालेला मनुष्य पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होऊ नये, हा त्यामागील साधा तर्क. मराठी लेखकवर्गाने सयाजीरावांचे गुणगान भरपूर केले, पण ते आश्रयदात्याचे म्हणून. त्यांच्या ग्रंथालयव्यवस्थेचा आदर्श मात्र बडोद्याच्या सीमेपलीकडे फारसा आणला नाही. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील असा हा पहिला कायदा. मद्रासचा कायदा, ज्याचा उल्लेख सर्वत्र होतो, तो १९४८चा. १९४९मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा कायदा केवळ ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेतील एका गुणाच्या प्रश्नापुरता उरला.

मुंबई प्रांतात १९३९मध्ये न्यायशास्त्रज्ञ आसफ फैजी ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४०मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत सहा पायऱ्यांची योजना मांडली. युद्धाच्या काळात ती पडून राहिली; १९४७नंतर तिची अंशतः अंमलबजावणी सुरू झाली. समितीने नवी शासकीय ग्रंथालये उभारण्यापेक्षा अस्तित्वात असलेल्या संस्थांनाच मान्यता आणि साहाय्य देण्याची वाट सुचवली होती. व्यवहारतः ते शहाणपणाचे होते, कारण संस्था होत्या आणि पैसा नव्हता. पण त्यामुळे वर्गणीदारांची संस्था हीच 'सार्वजनिक' संस्था, ह्या समीकरणावर शासनाची मोहोर उमटली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८पासून अमलात आला. मद्रास आणि कर्नाटक (१९६५) येथील कायद्यांनी मालमत्तेवरील करास जोडून ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तो बसवला नाही. त्याऐवजी शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत आणि त्यातून मान्यताप्राप्त संस्थांना अनुदान मिळावे, अशी रचना झाली. अनुदानासाठी ग्रंथालयांची 'अ', 'ब', 'क', 'ड' अशी वर्गवारी ठरली. उपकर न बसवण्याचे समर्थन होऊ शकते, आणि ते अगदी लेचेपेचे नाही : उपकराच्या राज्यांत गोळा झालेली रक्कम स्थानिक संस्थांकडून ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोचत नाही, ही तक्रार जुनी आहे, आणि तेथे ग्रंथालय बऱ्याच अंशी सरकारी खाते झाले आहे. महाराष्ट्रात ग्रंथालये समाजाची राहिली, असे कार्यकर्ते अभिमानाने म्हणतात. परंतु कर देणाऱ्याचा ग्रंथावर हक्क असतो, तर वर्गणी देणाऱ्याचा सभासदत्वापुरता अधिकार असतो. ह्या दोहोंतील अंतर त्या अभिमानात बुजून जाते. ग्रंथालयाच्या दारात हे अंतर आजही दिसते. वृत्तपत्र विभाग सर्वसाधारणपणे कोणासही खुला. पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी. बातमी सर्वांची, कादंबरी सभासदांची.

ह्या व्यवस्थेचे वाङ्मयीन परिणाम तपासणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते जवळजवळ अस्पर्शित आहे. मराठीत 'पुस्तक बदलणे' असा एक नित्याचा वाक्प्रयोग आहे. 'वाचनालयातून पुस्तक आणतो' असे म्हणण्यापेक्षा 'पुस्तक बदलून आणतो' असे म्हणण्याकडे वाचकाचा कल असतो. ह्या क्रियापदात एक संपूर्ण वाचनव्यवहार सामावला आहे. हाती एक पुस्तक आहे, ते देऊन दुसरे घ्यावयाचे आहे, मध्ये खंड नाही. ग्रंथालयाच्या ज्या विभागात हे घडते त्याचे नावही 'देवघेव विभाग' असेच आहे. अशा व्यवहारात पुस्तकाचे मूल्य ठरते ते ते किती लवकर वाचून होते आणि पुढील पुस्तकाची ओढ किती लावते ह्यावर. कवितासंग्रह आणि वैचारिक ग्रंथ ह्या गतीला मानवत नाहीत, कादंबरी मानवते. पुन्हापुन्हा उघडावयाचे पुस्तक आणि बदलावयाचे पुस्तक ही दोन वेगळी पुस्तके आहेत. मराठी समीक्षेने लोकप्रिय कादंबरीची जी चर्चा केली ती रचनेच्या आणि मूल्यांच्या अंगाने. बदलले जाण्यासाठी लिहिलेला ग्रंथ, ह्या अंगाने ती झाली नाही.

पुस्तक एका नावावर जाई, वाचले मात्र घरभर जाई. सभासद पुरुष, वाचक त्याची पत्नी, आई, मुले, असे किती घरांत घडले असेल ह्याची कल्पनाच करावी लागते, कारण नोंदवहीत एकच नाव आहे. स्त्रीवाचकांविषयी सांगताना अभ्यासक स्त्रियांसाठी निघालेल्या मासिकांकडे वळतात. ह्या उसन्या नावाच्या वाचनाकडे नाही. दिवाळी अंकांचेही तसेच. 'मासिक मनोरंजन'च्या १९०९च्या अंकापासून सुरू झालेल्या ह्या प्रथेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ठराविक रक्कम भरून अनेक अंक आळीपाळीने वाचावयास देणाऱ्या ग्रंथालयांच्या योजनांविषयी जवळजवळ काहीच नाही. तरीही कित्येक अंकांना खरेदीदाराहून कितीतरी अधिक वाचक लाभले ते ह्या योजनांमुळेच. प्रकाशनव्यवसायाची घडी ह्याहून स्पष्ट आहे. हजार-अकराशे प्रतींची मराठी आवृत्ती हा पुष्कळ काळ रूढ आकडा होता, आणि त्या प्रतींचा भरवशाचा ग्राहक ग्रंथालय हाच होता. म्हणजे मराठी लेखकाचा पहिला वाचक अनेकदा ग्रंथनिवड समितीचा सदस्य असे. त्याची अभिरुची कोणत्या समीक्षाग्रंथात नोंदली गेली आहे?

वर्गणीच्या उंबरठ्याबाहेर जे राहिले त्यांनी आपली वाट निराळी काढली. १९२४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच ग्रंथालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ह्याचा अर्थ सरळ आहे : शहरोशहरी 'सार्वजनिक' वाचनालये असताना बहिष्कृतांस आपले ग्रंथालय स्वतंत्रपणे उभारावेसे वाटले. दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना शिक्षणाचा, चळवळीचा आणि नियतकालिकांचा विचार होतो. वस्तीतील बुद्धविहाराच्या खोलीत एका कपाटात असलेल्या पुस्तकांचा होत नाही. ते कपाट कोणत्याही वर्गवारीत बसणारे नव्हते.

अधिनियमानंतर संख्या वाढत गेली, आणि अनुदानित ग्रंथालये बारा हजारांच्या घरात पोचली. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि उघडे राहण्याचे तास ह्यांवर वर्ग ठरत असल्याने संख्या पुरी करणे हेच पुष्कळ ठिकाणी उद्दिष्ट झाले. २०१२मध्ये महसूल यंत्रणेकरवी ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा कागदावरील आणि प्रत्यक्षातील ग्रंथालयांतील तफावत उघड झाली आणि नव्या मान्यता थांबवण्यात आल्या. त्या पडताळणीवर चर्चा झाली ती गैरव्यवहाराची. प्रामाणिक परंतु दरिद्री अशा 'ड' वर्ग ग्रंथालयाच्या तुटपुंज्या अनुदानात वर्षाकाठी कोणती पुस्तके येतात आणि ती कोण निवडते, हा प्रश्न तेव्हाही बाजूसच राहिला. २०२२मध्ये अनुदानात साठ टक्क्यांची वाढ जाहीर झाली; सेवकांच्या वेतनाचा प्रश्न त्याने थोडा सैल झाला, पुस्तकखरेदीचा फारसा नाही.

दरम्यान एक वेगळी हानी चालू आहे. सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात ऑगस्ट २०१९च्या महापुराचे पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ भिजून गेले, तेव्हा वृत्तपत्रांनी दखल घेतली. अशा प्रसंगी दुर्मिळ ग्रंथांची यादी होते. देवघेवीच्या नोंदवह्यांची होत नाही. वस्तुतः मराठी वाचकाचा लिखित पुरावा असेल तर तो तेथे आहे : कोणते पुस्तक कोणत्या वर्षी किती वेळा गेले, कोणते कोरेच राहिले, मुक्तामालेच्या शेजारी कोणते पुस्तक बदलले गेले. पुस्तकाच्या मागील पानावरील तारखांचे शिक्के आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले वाचकांचे शेरे (बहुधा तुसडे, क्वचित मार्मिक) हा त्याचाच दुसरा भाग. निर्लेखनाच्या वेळी जीर्ण प्रत बाद होते, तिच्याबरोबर शिक्के आणि शेरे जातात. संगणकीकरणात ग्रंथाचे नाव, लेखक आणि दाखल क्रमांक नव्या यादीत येतात, जुन्या नोंदवह्या माळ्यावर जातात आणि जागेची अडचण झाली की रद्दीत. ज्या जिल्हा ग्रंथालयांना शंभर-दीडशे वर्षे पूर्ण झाली त्यांनी स्मरणिका काढल्या. त्यांत अध्यक्षांची छायाचित्रे क्रमाने आहेत. देवघेव नोंदवहीचे एखादे पान छापलेली स्मरणिका शोधावीच लागेल.