हॉलंडची सायकल आणि सरकारी तिजोरी

हॉलंडचें नांव निघालें, कीं तेथील सायकलस्वारांचें कौतुक करावयाचें आणि लगेच ‘त्यांची जमीनच सपाट’ असें म्हणून विषय मिटवावयाचा, असा आपल्या सुशिक्षित मंडळींत प्रघात आहे. आमचें मत याहून निराळें आहे. जमीन १९७१ सालींही सपाटच होती; परंतु त्या एका वर्षांत त्या चिमुकल्या देशाच्या रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. फरक पुढें पडला तो भूगोलानें नव्हे. सार्वजनिक पैसा कोणाकडून घ्यावा व कोणासाठीं खर्चावा, या जुन्या प्रश्नाचें उत्तर तेथें बदललें.

प्रश्न जुना म्हणण्याचें कारण असें. १९२४ सालीं डच सरकारनें तिजोरींतील तूट भरून काढण्यासाठीं प्रत्येक सायकलीवर वर्षाला तीन गिल्डर कर बसविला. भरणा केल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला मिळे. आपल्याकडील नगरपालिकांचा सायकलीचा बिल्ला ज्यांनीं पाहिला किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. ज्यांची ऐपत नसे त्यांस तो फुकट मिळे. मात्र त्याला भोंक पाडलेलें असे. म्हणजे स्वाराचें दारिद्र्य त्याच्या सायकलीबरोबर गांवभर फिरे! १९२६ च्या कायद्यानें रस्त्यांसाठीं स्वतंत्र निधि उभारला गेला व या कराचें उत्पन्न तिकडे वळलें. रस्ते झाले, त्यांच्या कडेनें कांहीं ठिकाणीं सायकलींच्या वाटाही झाल्या. पण मोटारींचा मार्ग मोकळा व्हावा हाही त्या वाटांचा एक हेतु होता. मजुरानें पैसा द्यावा आणि मोटारवाल्यानें वेग घ्यावा, असा हा व्यवहार. तो कर १९४१ सालीं रद्द झाला तोही जर्मन अंमलाखालीं; स्वकीय सरकारला तें सुचलें नव्हतें.

महायुद्धानंतर सुबत्ता आली, मोटारी आल्या. १९५४ सालीं ॲम्स्टरडॅमच्या पोलीसप्रमुखांनीं शहरांतील कालवे बुजवून रस्ते करावेत, अशी सूचना केली. ती बारगळली, हें त्या नगरीचें भाग्य.

१९७२ सालीं व्हिक लांगेनहॉफ या पत्रकारानें एक लेख लिहिला. त्याची स्वतःची मुलगी मोटारीखालीं गेली होती. लेखाचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’, आणि तेंच नांव घेऊन एक संस्था उभी राहिली. तिच्या माणसांनीं अपघाताच्या जागा अडविल्या, गल्ल्या बंद करून तेथें मुलांना खेळावयास सोडलें, आणि थेट पंतप्रधान डेन अइल यांच्या दारापुढें जाऊन गाणीं म्हटलीं. पंतप्रधान बाहेर आले व त्यांनीं ऐकून घेतलें. पुढें तर सरकारनेंच या संस्थेस अनुदान दिलें. आपल्याला धारेवर धरणाऱ्यास वेतन देणारीं सरकारें विरळाच! १९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई पडून रविवारीं मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हां मोकळा रस्ता कसा असतो हें सर्वांनींच पाहिलें. १९७५ सालीं सायकलस्वारांचा स्वतंत्र संघही स्थापन झाला.

यानंतर तिजोरी उघडली. टिलबर्ग व हेग येथें मध्यवर्ती सरकारच्या पैशानें सायकलींसाठीं एकेक नमुनेदार मार्ग बांधण्यांत आला. हेगचे दुकानदार गिऱ्हाईक तुटेल म्हणून संतापले. परंतु खरी अडचण वेगळीच निघाली: नव्या मार्गावर गर्दी झाली ती बहुतांशीं शेजारच्या रस्त्यांवरून आलेली होती, नवे स्वार फारसे वाढले नाहींत. पुण्यांतील तुटक सायकलमार्ग ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याचें नवल वाटूं नये. एक सुंदर वाट कोणालाही घरापासून शाळेपर्यंत नेत नाहीं. म्हणून डेल्फ्ट येथें १९८० नंतरच्या दशकांत सबंध शहराचें जाळें विणलें गेलें: लांब पल्ल्याचे मार्ग, वस्त्यांना जोडणारे मार्ग, आणि अगदीं गल्लीबोळांतील वाटा. तेथें एकूण प्रवासांतील सायकलीचा वाटा शेकडा ४० वरून ४३ वर गेला. वाढ अल्प दिसते. पण जेथें दहांतील चार फेऱ्या आधींच सायकलीवर होत होत्या, तेथें तिला अल्प म्हणवत नाहीं.

२०१३ सालीं सबंध देशांतील रस्त्यांवरचे मृत्यु सहाशेंच्या खालीं आले होते. याचें सारें श्रेय सायकलमार्गांना देणें अन्यायाचें होईल. मोटारींतील पट्टे, कडक कायदे व सुधारलेलीं रुग्णालयें यांचाही त्यांत वाटा आहे.