एकोणतीस सेकंदांचा खटला

२००७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका आईने स्वयंपाकघरात नाचणाऱ्या आपल्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. मागे प्रिन्सचं गाणं वाजत होतं, तेही धड ऐकू येत नव्हतं. युनिव्हर्सल कंपनीच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेला. बाईंनी हरकत घेतल्यावर काही आठवड्यांनी परतही आला. तरी त्या कोर्टात गेल्या, कारण प्रश्न पुढच्या प्रत्येक तक्रारीचा होता.

२०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, तक्रार करण्यापूर्वी हा कायद्याने मुभा दिलेला रास्त वापर आहे का, याचा विचार कंपनीने केलाच पाहिजे. मात्र विचार प्रामाणिक असला की पुरे, निष्कर्ष चुकला तरी चालेल! निकालाची धार इथेच बोथट झाली. मनातला प्रामाणिकपणा सिद्ध कोण करणार? अखेर २०१८ मध्ये तडजोड झाली. अकरा वर्षं गेली होती.