पवारांच्या मुलखातला मोरांबा

अठराव्या शतकात पवार या मराठा सरदार घराण्यानं धार आणि देवासला गाद्या स्थापल्या आणि माळव्यात मराठी स्वयंपाकघरं रुजली. कैरीचा मोरांबा हा त्या घरांचा उन्हाळी ठेवा.

कृती साधी, पण नजर हवी. कैरी सोलून, कोय काढून फोडी वाफवायच्या. बोटानं दाबल्यावर मऊ लागल्या, पण मोडल्या नाहीत, की साखरेच्या पाकात सोडायच्या. फोडी काचेसारख्या दिसू लागल्या की वेलदोडा, केशर. भरपूर साखर हीच मोरांब्याची राखण; म्हणून तो वर्षभर टिकतो. साखरेऐवजी गूळ घातला की गुळांबा.

पण मोरांब्याला कैरी हवी, आणि कैरीला झाड. धार जिल्ह्यातलं निसरपूर हे गाव २०१९ साली नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलं. नर्मदाकाठची कितीतरी झाडंही बुडाली. पुनर्वसनाच्या हिशेबात अशा झाडांच्या फळांची, त्यांवर चालणाऱ्या घरगुती साठवणीची दखल ठळकपणे घ्यायला हवी.