राणीचा बाग आणि शेजारचे पदार्थसंग्रहालय

ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या भागात वास्तव्य करणाऱ्या ज्ञातिबांधवांपैकी बहुतेकांनी बालपणी केव्हा ना केव्हा ‘मुंबई पाहिली’ असेल. मुंबई पाहणे म्हणजे राणीचा बाग पाहणे, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. धीम्या गाडीने भायखळ्यास उतरावे, झाडाखाली डबा सोडावा, मुलांना हत्ती व पाणघोडा दाखवावा आणि दिवेलागणीस घरी परतावे, असा हा नेमाचा कार्यक्रम. मात्र बागेच्या प्रवेशद्वारापाशीच जी भव्य इमारत उभी आहे, तिच्यावरून सारे जातात. आत शिरणारे थोडे. त्या इमारतीचा इतिहास आपल्या मंडळींनी अवश्य जाणून घ्यावा, एवढ्याच हेतूने हे टिपण लिहिले आहे.

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची आगगाडी सुरू झाली आणि दि. १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. याच सुमारास मुंबईत पदार्थसंग्रहालयाची कल्पना मूळ धरीत होती. लंडन येथे १८५१ साली व पॅरिस येथे १८५५ साली भरलेल्या प्रदर्शनांमुळे या देशातील कारागिरीचे नमुने गोळा करण्यास चालना मिळाली होती. १८५७ साली कोटातील टाऊन बराकीत संग्रह मांडण्यात आला. परंतु त्याच वर्षीच्या उठावामुळे लष्करास जागा हवी झाली आणि संग्रहाची दैना उडाली. डॉ. जॉर्ज बर्डवूड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांनी तो उद्योग टाकून दिला नाही. १८५८ साली सभा भरली, समिती नेमली गेली आणि वर्गणी जमू लागली.

दि. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईचा कापूस त्या वेळी सोन्याच्या भावाने विकला जात होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि बांधकाम रेंगाळले. अखेर सरकारने पुढे येऊन ते तडीस नेले व दि. २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले.

ज्यांच्या साहाय्याने हे घडले त्यांची नावे पाहावीत. नाना शंकरशेट हिंदू, सर जमशेटजी जिजीभाई पारशी, डेव्हिड ससून यहुदी. स्वतः भाऊ दाजी गोव्यातील पेडणे महालातून आलेले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या १८५१ सालच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, गरिबांस फुकट औषध देणारे आणि शिलालेखांचे व्यासंगी संशोधक. १८७४ साली ते निवर्तले आणि १९७५ साली संग्रहालयास त्यांचे नाव मिळाले. प्रत्येक ज्ञातीच्या स्मरणिकेत आपापल्या थोर पुरुषांचा गौरव होतो व तो योग्यच आहे. परंतु ही वास्तू कोणा एका ज्ञातीच्या खात्यावर मांडता येत नाही, यातच तिचे मोठेपण आहे. आत मातीच्या लहान मूर्ती आहेत. निरनिराळ्या जातींचे व धंद्यांचे लोक आपापल्या वेषात तेथे एकाच छपराखाली उभे आहेत.

बागेचाही इतिहास असाच मनोरंजक आहे. कोनशिलेच्याच दिवशी लेडी फ्रिअर यांनी ती खुली केली. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली व जनावरे तर १८९० साली आली; म्हणजे बाग आधीची, प्राणिसंग्रह नंतरचा. संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा बेत होता. पण उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले आणि तो येथेच राहिला. तुकडे सांधून तो उभा केलेला आहे. २०१७ पासून पेंग्विनांपुढे गर्दी लोटते, पण या मूळच्या पाहुण्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. ज्या विजेच्या गाड्यांतून आपले वाडवडील भायखळ्यास गेले, त्या गाड्यांना वीज पुरविण्यासाठी रेल्वेने १९२९ साली ठाकुर्लीस कोळशावर चालणारे चोळे विद्युत्गृह उभारले. सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ त्याने सेवा केली आणि मग ते बंद पडले. तेथे पाळ्या केलेल्या माणसांचे पितळी बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, छायाचित्रे कोणाकोणाच्या ट्रंकेत आजही असतील. घर बदलताना अशाच वस्तू प्रथम रद्दीत जातात. भायखळ्याचे संग्रहालय काही एका दिवसात झाले नाही. वस्तू टाकून न देणाऱ्यांनी आणि वर्गणी देणाऱ्यांनी ते उभे केले.

तेव्हा ज्ञातिबांधवांस दोन विनंत्या. पुढील खेपेस बुधवार वगळून जावे, कारण त्या दिवशी दोन्ही ठिकाणे बंद असतात. आणि मुलांस वाघाआधी संग्रहालय दाखवावे. दुसरी विनंती अशी की, घरातील जुन्या वस्तू टाकण्यापूर्वी त्यांवर नाव, साल व हकीकत लिहून ठेवावी. दुसऱ्यांनी जतन केलेले पाहावयास आपण कौतुकाने जातो. आपले जतन करण्याचे काम मात्र आपलेच आहे.