पूर्वग्रह, जन्मजात गुन्हेगारीचा
एखादी व्यक्ती ठरावीक जमातीत जन्मली म्हणून तिला गुन्हेगार मानणारे, पुराव्याने न बदलणारे मत. हे मत दुसऱ्याची बाजू ऐकण्यासच नकार देते, तेव्हा तो दुराग्रह होतो; द्वेष व तुच्छता मिसळल्यास जातीयता किंवा धर्मांधता (→ अस्पृश्यता).

भारतात या समजुतीला 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का मिळाला. 1911 च्या कायद्याने त्याचा अंमल देशभर वाढला. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, परवान्याशिवाय प्रवासबंदी आणि तारांच्या कुंपणातील वसाहती ही त्याची साधने. सोलापूरची वसाहत प्रसिद्ध होती (→ सेटलमेंट). 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला. संशय मात्र टिकला. रद्द झालेल्या कायद्याची जागा सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली.

या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्यांपैकी बंजारा महाराष्ट्राच्या सूचीत विमुक्त जातींत, तर फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात (→ पारधी, बंजारा). चोरी होताच आधी पारधी बेड्यावर (वस्तीवर) संशय घेणे हे या पूर्वग्रहाचे ठळक आणि अन्यायकारक लक्षण होय. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनाने या पूर्वग्रहाचा अनुभव मराठी साहित्यात आणला (→ दलित साहित्य).