परागकणकवचाचे आकुंचन व प्रसरण

परागकणातील पाणी कमी-अधिक होताना त्याच्या कवचाने घडी घालून किंवा ती उलगडून आकारमानातील बदल सामावून घेणे, या क्रियेस हार्मोमेगॅथी म्हणतात. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉजर वोडहाउस यांनी १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉलन ग्रेन्स’ या ग्रंथात तिचे विवेचन केले आहे.

कवचाची रचना

परागकणाचे बाह्यावरण स्पोरोपोलेनिन या अत्यंत टिकाऊ पदार्थाचे, तर अंतरावरण सेल्युलोज व पेक्टिन यांचे असते. बाह्यावरण काही ठिकाणी पातळ असते किंवा जवळजवळ नसते. या जागांना जननछिद्रे म्हणतात. ती गोल छिद्रासारखी किंवा लांबट खाचेसारखी असतात. परागनलिका बाहेर पडण्याची वाट, एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. वस्तुतः त्याआधीच त्यांचे एक महत्त्वाचे काम सुरू झालेले असते.

सुकताना पडणारी घडी

परागकोश फुटल्यावर परागकण हवेत सुकू लागतो. लिलीच्या परागकणास एकच लांब खाच असते. पाणी कमी होताच तिच्या कडा आत वळून एकमेकींना भिडतात आणि कण खजुराच्या बीसारखा लांबट दिसतो. पातळ भाग आत झाकला गेल्याने पुढील बाष्पीभवन मंदावते. मोहरीच्या परागकणात हेच काम तीन खाचा करतात.

हवा गेलेला रबरी चेंडू दाबला तर त्याला कोठेही खळगा पडतो. परागकणाला तसे होऊन चालत नाही. एलेनी कॅटिफोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, मऊ जननछिद्रांचा आकार व जागा यांमुळे घडीला दिशा मिळते आणि उरलेले कठीण कवच फारसे न ताणता नुसते वाकते. या घडीमागे पेशीची हेतुपूर्वक हालचाल नसून कवचाची यांत्रिक घडणच असते.

पुन्हा पाणी मिळताना

कुक्षीवर पडलेला कण पाणी शोषून फुगतो व खाच उघडते. मोहरीची कुक्षी कोरडी असल्याने तेथे पाणी कुक्षीच्या पेशींकडूनच मिळते. पाणी एकाएकी मिळाल्यास सुकलेल्या पेशीपटलातून आतील द्रव्ये पाझरतात. शुद्ध पाण्यात तर अनेक परागकण फुटतात. म्हणूनच साठवलेले पराग तपासण्यापूर्वी काही काळ दमट हवेत ठेवतात.

गवतवर्गीय वनस्पती

ज्वारी, मका, भात, गहू यांच्या परागकणांत खाच नसते; झाकण असलेले एकच छिद्र असते. भात व गहू यांचे परागकण सुमारे ३० मिनिटांतच निकामी होतात. याचा दोष केवळ छिद्राला देणे घाईचे ठरेल. हे कण परागकोशातून सुटताना त्यांत पाणी अधिक असते आणि सुकणे त्यांच्या पेशीला सोसत नाही. संकरित बियाण्यासाठी त्यांचा ताजा परागच वापरावा लागतो.

पावसात फुटणाऱ्या अशा कणांचा मानवी आरोग्याशीही संबंध आहे. रायगवताचा परागकण पाण्यात फुटला की त्यातून शेकडो सूक्ष्म पिष्टकण बाहेर पडतात. अखंड परागकण बहुधा नाक-घशातच अडतो, पण हे ॲलर्जीकारक पिष्टकण थेट फुप्फुसांत पोहोचतात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्न येथे वादळानंतर हजारो लोकांना दम्याचा त्रास झाला व १० जण दगावले.